टॉक्सिक शॉक सिंड्रोम

काही जिवाणूंच्या विषामुळे अचानक उद्भवणारा आणि काही तासांत जिवावर बेतू शकणारा दुर्मीळ आजार. यातील ‘शॉक’ म्हणजे रक्तदाब इतका घसरणे की मूत्रपिंडे, यकृत आणि मेंदूला पुरेसे रक्तच पोहोचत नाही.

१९७८ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ते १७ वर्षे वयाच्या ७ मुलामुलींच्या आजाराचे वर्णन करून हे नाव रूढ केले. दोनच वर्षांनी अमेरिकेत पाळी चालू असलेल्या अनेक तरुणी या आजाराने दगावल्या. अतिशोषक टॅम्पॉनशी, म्हणजे पाळीचे रक्त शोषण्यासाठी योनीत ठेवायच्या बोळ्याशी, त्याचा संबंध दिसून आला आणि सप्टेंबर १९८० मध्ये ‘रिलाय’ हा टॅम्पॉन बाजारातून मागे घेतला गेला. तेव्हापासून ‘टॅम्पॉनचा आजार’ अशी त्याची ओळख झाली. ही ओळख अपुरी आहे आणि धोक्याचीही, कारण शस्त्रक्रियेची जखम, बाळंतपण, नाकातून रक्त येते म्हणून घातलेला बोळा यांतूनही हा आजार होतो. पुरुषांना होतो, तान्ह्या बाळांनाही होतो.

भाजलेल्या लहान मुलांच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे लागते. अंगावर चहा सांडून थोडेसेच भाजलेले असते, जखम वरून स्वच्छ दिसते; आणि दोन-तीन दिवसांत मुलाला सणकून ताप भरतो, उलट्या-जुलाब होतात, अंगावर पुरळ उठते, मूल मलूल पडते. अशा वेळी पोट बिघडले असेल म्हणून वाट पाहणे घातक ठरू शकते.

आजाराला बहुधा सोनेरी पुंजगोलाणू, म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, कारणीभूत असतो. निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवरही तो सुखाने नांदतो. त्याच्या काही वाणांपासून तयार होणारे विष १९८१ मध्ये ओळखले गेले. एरवी एखाद्या जंतूविरुद्ध दहा हजारांत एखादीच टी-पेशी (जंतूंशी लढणारी एक पांढरी पेशी) जागी होते. हे विष मात्र ओळख पटवण्याची नेहमीची रीत बगल देऊन एकूण टी-पेशींपैकी २० टक्के किंवा त्याहूनही अधिक पेशी एकदम चेतवते. त्यातून सुटणाऱ्या रसायनांच्या लोंढ्याने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतील द्रव बाहेर झिरपतो आणि रक्तदाब कोसळतो. जंतू मात्र जखमेतच असतो. म्हणून रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, तो बहुतेक वेळा सापडत नाही. बहुतेक प्रौढांच्या रक्तात या विषाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, त्यामुळे आजार विरळा. ज्यांच्यात ती तयार होत नाहीत, त्यांना तो पुन्हाही होऊ शकतो.

ताप ३८.९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक, उन्हाने भाजल्यासारखी लाल त्वचा, डोळे लाल, स्नायूंत तीव्र वेदना, बिंबाणू (प्लेटलेट्स) कमी, लघवी कमी अशी लक्षणे दिसतात. तळहात-तळपायांची साले एक-दोन आठवड्यांनी निघतात. निदानाला ही खूण फार उशिरा मिळते. आपल्याकडे पावसाळ्यात ताप, पुरळ आणि घटलेले बिंबाणू दिसले की आधी डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिसची शंका येते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच वेळी पाळी, जखम, टाके, भाजणे यांची विचारपूस झाली पाहिजे. आपल्याकडे टॅम्पॉनचा वापर कमी असला, तरी मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्या स्त्रियांमध्येही या आजाराची मोजकी उदाहरणे नोंदली गेली आहेत.

मालागोलाणूंमुळे, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसमुळे, होणारा प्रकार अधिक भयंकर. यात जंतू अनेकदा रक्तात शिरतो, पुष्कळदा स्नायूंवरील आवरण सडू लागते आणि वरून दिसते त्यापेक्षा कितीतरी अधिक दुखते. उपचार मिळूनही ३० टक्के किंवा त्याहून अधिक रुग्ण दगावतात. ‘मपेट्स’ बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन १९९० मध्ये याच आजाराने वारले.

उपचार अतिदक्षता विभागातच करावे लागतात. टॅम्पॉन, बोळा किंवा पू तातडीने काढणे, शिरेतून भरपूर द्रव आणि रक्तदाब सावरणारी औषधे देणे ही पहिली पावले. प्रतिजैविकांमध्ये क्लिंडामायसिनचा समावेश आवर्जून केला जातो, कारण ते जिवाणूचे विष तयार करणेच थांबवते.