भरीत वेगळं, घोटलेली भाजी वेगळी

खान्देशातल्या लग्नात पुण्या-मुंबईचे पाहुणे असले की पंगतीत हमखास ऐकू येतं, "वा, भरीत काय झकास झालंय!" वाढणारा काही बोलत नाही, आणखी एक पळी वाढून पुढे सरकतो. वरणबट्टीच्या शेजारी जे हिरवट, तेल सुटलेलं, गरगटं वांगं असतं ते भरीत नसतंच. ती घोटलेली भाजी. आता पाहुण्यांचाही दोष नाही. दोन्हीकडे वांगं हिरवं, दोन्हीकडे हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून कोथिंबीर. पण एकात वांगं भाजतात, दुसऱ्यात शिजवतात, आणि एवढ्यानं सगळं पालटतं. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्या पाण्याचं काय करायचं, यावरच दोन्ही पदार्थ उभे आहेत.

आधी भरीत. त्याला वांगं लागतं ते मोठं, फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा असलेलं, गराचं आणि कमी बियांचं. जळगाव तालुक्यातलं आसोदा आणि यावल तालुक्यातलं बामणोद या गावांची नावं यासाठी घेतली जातात. आसोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. जळगावच्या या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बाजारात वांग्याला हात लावला की भाजीवाली विचारते, "भरताले पाहिजे का भाजीले?" हा प्रश्न उगाच नसतो. भरताचं वांगं आकाराच्या मानानं हाताला हलकं लागलं पाहिजे. जड लागलं तर आत बिया धरलेल्या असण्याची शक्यता जास्त, आणि भाजल्यावर त्या दाताखाली कचकचतात. साल तुकतुकीत, देठ हिरवागार. देठ काढू नका, भाजताना उलटवायला तोच कामी येतो.

भाजायचं ते तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. या काड्या भडकन पेटतात, जाळ मोठा होतो आणि साल पटकन करपते. आत गर स्वतःच्याच वाफेत शिजतो, पाणी उडत जातं आणि धूर गरात मुरतो. वांगं मऊ पडून देठापाशी खचलं, बुडातून रस गळायला लागला की झालं. गरम असतानाच साल काढायची. इथे एक चूक सर्रास होते: हाताला चटके बसतात म्हणून लोक वांगं नळाखाली धरतात. काळे कण जातात खरे, पण धूरही धुऊन जातो, आणि जे पाणी उडवायला एवढा जाळ केला तेच परत गरात शिरतं. दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्या. बोटं पाण्यात बुडवा, वांगं नको.

पुढे बडगीत, म्हणजे ठेचायच्या खोलगट लाकडी भांड्यात, भाजलेल्या मिरच्या आणि लसूण ठेचायचा, त्यातच वांगं घालून ठेचायचं. मिक्सरचं नाव काढू नका. ठेचल्यानं गराचे धागे राहतात, मिक्सरमध्ये त्याची खळ होते. तेलात शेंगदाणे आणि खोबरं परतून, कांद्याची पात भरपूर घालून वांगं त्यात उलटायचं, दोन वाफा आल्या की उतरवायचं. हळद नाही, टोमॅटो तर नाहीच. काही घरांत फोडणीही देत नाहीत, कच्ची पात आणि वरून कच्चं तेल. मला ते कच्चं भरीत जास्त आवडतं, पण यावर आमच्याकडे घरोघर दोन तट आहेत. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणं म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ.

घोटलेल्या भाजीला एवढे लाड लागत नाहीत. मध्यम वांगी चालतात, थोड्या बिया असल्या तरी खपून जातात. सालीसकट फोडी करायच्या आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाकायच्या, नाहीतर हवेनं काळ्या पडतात. मग हिरव्या मिरच्यांसोबत अगदी थोड्या पाण्यात झाकून शिजवायच्या. मऊ झाल्या की रवीनं घोटायच्या, लग्नघरी मोठ्या टोपात लाकडी घोटणीनं. इथे वांग्यातलं पाणी उडालेलं नसतं, म्हणून खरं काम फोडणीनंतर सुरू होतं. जिरं, मोहरी, आलं-लसणाचं वाटण, दाणे, खोबरं यांच्या फोडणीत घोटलेलं वांगं घालायचं आणि मंद आचेवर तेल कडेनं सुटेपर्यंत ढवळत राहायचं. घाईनं उतरवलं की भाजी पांचट लागते आणि ताटात पाणी सुटतं. तेल सढळ हवं. एका चमच्यात ही भाजी करायला जाऊ नये.

पंगतीला हीच का, हेही उघड आहे. शेकडो माणसांसाठी एकेक वांगं उलटत भाजणं आणि एकेक सोलणं कोण करणार? टोप चढवला की भाजी होते. शिवाय वरणबट्टीशी तिचं जमतंही. चुरलेल्या बट्टीवर वरण आणि तूप ओतल्यावर सोबत झणझणीत, ओलसर काहीतरी लागतं. भरताचा धूर त्या तुपापुढे दबून जातो.

जांभळ्या वांग्यांचं काय? त्यांचा रंग सालीत असतो. भरतात साल फेकूनच देतो, त्यामुळे खान्देशाबाहेर हिरवी वांगी मिळाली नाहीत तर मोठ्या जांभळ्या वांग्याचं भरीत करता येतं. चव उतरते, पण पोटात जातं. घोटलेल्या भाजीत साल तशीच राहते, म्हणून जांभळी वांगी घातली की भाजी मातकट काळपट होते. तिथे एकतर हिरवीच वांगी शोधा किंवा साल काढून टाका.

फ्लॅटमध्ये राहणारे बरेच जण गॅसवर भरीत करतात. वांग्याला तेलाचं बोट लावून, सुरीनं दोन-चार ठिकाणी टोचून (न टोचता ठेवलं तर फुटू शकतं) मोठ्या आचेवर ते होतं. कुकरमध्ये शिट्ट्या काढून केलेल्याला मात्र भरीत म्हणू नये. वांगं शिजवायचंच असेल तर सरळ घोटलेली भाजी करा, चांगली होईल.

खाण्याचे दिवसही वेगळे. भरीत थंडीचं. बरीच घरं चातुर्मासात वांगं खात नाहीत आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुरुवात करतात. मग शेतातल्या भरीत पार्ट्या सुरू होतात. घोटलेल्या भाजीला असा मुहूर्त नाही, लग्न निघालं की ती ऐन उन्हाळ्यातही होते.

उरलं तर? घोटलेली भाजी दुसऱ्या दिवशी मुरून आणखी चांगली लागते, शिळी बट्टी तेलात परतून तिच्याबरोबर खा. भरताचा धूर रात्रीतून विरतो आणि कांद्याच्या पातीला पाणी सुटतं. ते मोजूनच करावं, किंवा शेजारी एक वाटी देऊन टाकावं.