हेलिकॉप्टरच्या क्रॉसट्यूब सेवेतून बाद करणे : अमेरिकेतील प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

स्किडवर, म्हणजे चाकांऐवजी लावलेल्या लांब दांड्यांवर, उतरणाऱ्या हेलिकॉप्टरचा भार पुढच्या आणि मागच्या अशा दोन आडव्या नळ्या, म्हणजेच क्रॉसट्यूब, पेलतात. प्रत्येक लँडिंगला त्या वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. या वारंवार पडणाऱ्या ताणाने धातू थकतो आणि तडा बराच वाढेपर्यंत डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणून उड्डाणाच्या तासांची किंवा लँडिंगच्या संख्येची ठरावीक मर्यादा गाठली की नळी वरून धडधाकट दिसत असली तरी काढावी लागते. ही मर्यादा उत्पादकाच्या देखभाल पुस्तिकेतील ‘एअरवर्दिनेस लिमिटेशन्स’ (उड्डाणयोग्यतेच्या मर्यादा) या विभागात दिलेली असते. नवा धोका लक्षात आल्यास अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था, एफएए, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह अर्थात एडी हा बंधनकारक आदेश काढून ती मर्यादा कमी करू शकते किंवा पूर्वी मर्यादा नसलेल्या भागालाही घालू शकते.

आदेश कोणाला लागू होतो

एडीच्या ‘अ‍ॅप्लिकेबिलिटी’ (लागू असणे) या परिच्छेदात हेलिकॉप्टरचे मॉडेल आणि बहुधा भागाचा पार्ट नंबरही दिलेला असतो. आपल्या नळीवरचा क्रमांक त्याच्याशी प्रत्यक्ष ताडून पाहावा, कारण पूरक प्रमाणपत्राखाली, म्हणजे मूळ रचनेतील बदलाला मिळालेल्या मंजुरीखाली, दुसऱ्या कंपनीचे लँडिंग गिअर बसवलेले असू शकते. पालनाची जबाबदारी मालकावर किंवा चालक कंपनीवर असते आणि पालन न करता केलेले प्रत्येक उड्डाण हे एफएएच्या नियमांच्या भाग ३९ नुसार स्वतंत्र उल्लंघन ठरते. नळी बदलण्याचे काम प्रमाणित मेकॅनिकने किंवा मान्यताप्राप्त रिपेअर स्टेशननेच करायचे असते. वैमानिकाला परवानगी असलेल्या किरकोळ देखभालीत ते बसत नाही.

कागदपत्रे

खरी अडचण येथे येते. उड्डाणाचे तास लॉगबुकात नोंदलेले असतात, पण एडीने मर्यादा लँडिंगच्या संख्येत दिली असेल आणि ती संख्या कोणी लिहून ठेवलेली नसेल, तर त्या नळीचे वय सिद्ध करता येत नाही. अशा वेळी आदेशातच हिशेबाची पद्धत दिली आहे का, हे आधी पाहावे. मनाने अंदाज बांधू नये. नियम ९१.४१७ नुसार आयुर्मर्यादा असलेल्या भागांची सद्यस्थिती, तसेच एडीचा क्रमांक, सुधारणेची तारीख आणि पालनाची पद्धत यांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. हेलिकॉप्टर विकले तर त्या नोंदीही नव्या मालकाकडे जातात. बदललेल्या नळीच्या नोंदीत कामाचे वर्णन, ते पूर्ण झाल्याची तारीख आणि मंजुरी देणाऱ्याची सही, प्रमाणपत्राचा प्रकार व क्रमांक असावा लागतो.

काढलेल्या नळीचे काय करायचे

आयुष्य संपलेला भाग पुन्हा कोणत्याही हेलिकॉप्टरवर चढू नये, यासाठी नियम ४३.१० आहे. भागाला टॅग लावणे, त्यावर कायमची खूण करणे, तो वेगळा ठेवणे किंवा दुरुस्त करताच येणार नाही अशा रीतीने तोडून टाकणे, हे त्यातील काही मान्य मार्ग आहेत. मर्यादा पूर्ण गाठलेली नळी कापून टाकणे, हाच माझ्या मते सर्वांत निर्धोक मार्ग, कारण टॅग गळून पडू शकतो.

मुदतीत काम शक्य नसल्यास

पर्यायी पद्धतीसाठी किंवा मुदत बदलण्यासाठी कोणीही एएमओसी (पालनाची पर्यायी पद्धत) प्रस्ताव पाठवू शकतो, मात्र त्यातून सुरक्षिततेची स्वीकारार्ह पातळी राखली जाते हे दाखवावे लागते. प्रस्ताव सहसा आपल्या प्रिन्सिपल इन्स्पेक्टरमार्फत, म्हणजे आपल्यावर देखरेख ठेवणाऱ्या एफएएच्या निरीक्षकामार्फत, एडीत नमूद केलेल्या कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडे जातो आणि त्याच्या मंजुरीआधी ती पद्धत वापरता येत नाही. नळी बदलण्याच्या ठिकाणापर्यंत हेलिकॉप्टर न्यायचे असेल, तर एडीने मनाई केलेली नसल्यास फॉर्म ८१३०-६ भरून विशेष उड्डाण परवाना मागता येतो.

भारतात नोंदणी झालेल्या हेलिकॉप्टरसाठी मात्र अर्ज डीजीसीए या भारतीय विमान वाहतूक नियामक संस्थेकडे करावा लागतो. भागाची रचना अमेरिकेत प्रमाणित झाली असल्यास एफएएचा एडी येथेही पाळावाच लागतो.