माशाला नाव मिळेपर्यंत नदी टिकते का?

कावेरीतला पाठीला कुबड असलेला महाकाय महसीर गळ टाकणाऱ्यांना दीडशे वर्षं माहीत होता. पन्नास किलोंच्या वर वजन भरणारा हा मासा; पण त्याचं शास्त्रीय नाव पक्कं नव्हतं, त्यामुळे संकटग्रस्त जातींच्या जागतिक लाल यादीतही त्याला जागा नव्हती. २०१८ साली तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचं सिद्ध झालं आणि त्याच वर्षी ‘अतिसंकटग्रस्त’ असा शिक्काही बसला.

जात ठरवण्याचं काम किचकट असतं. खवले मोजायचे, परांमधले काटे मोजायचे, क्ष-किरणांनी मणके पाहायचे, डीएनए जवळच्या जातींशी ताडायचा. वर्णन ज्या नमुन्यावरून लिहिलं तो संग्रहालयात जपून ठेवतात, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर तोच मासा पुन्हा तपासता येतो. विजेचा झटका देणारी ईल ही सापासारखी लांब मासळी १७६६ पासून एकच जात मानली जाई. २०१९ मध्ये त्या तीन निघाल्या! त्यातल्या एकीचा झटका ८६० व्होल्टचा.

माशांच्या जवळपास निम्म्या जाती गोड्या पाण्यात राहतात. मासा डोंगर ओलांडून शेजारच्या खोऱ्यात जाऊ शकत नाही, म्हणून प्रत्येक खोऱ्यात उत्क्रांती आपापल्या वाटेने जाते. धोकाही त्यातच आहे. एखादी जात जगात एकाच ओढ्यात असेल, तर तिथला वाळूउपसाही तिला संपवायला पुरेसा होतो.

अमेरिकेतल्या लिटल टेनेसी नदीत १९७३ साली डेव्हिड एटनियर यांना स्नेल डार्टर हा बोटभर मासा सापडला. खळाळत्या पाण्यात, खडीवर, गोगलगायी खाऊन जगणारा. त्याच नदीवरच्या टेलिको धरणाचं काम तेव्हा बरंच पुढे गेलं होतं. १९७८ मध्ये संकटग्रस्त जातींच्या संरक्षण कायद्याच्या आधारे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माशाच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने धरणाला या कायद्यातून सूट दिली आणि दरवाजे बंद झाले. दुसऱ्या नद्यांत सोडलेले आणि नंतर इतरत्र आढळलेले मासे मात्र टिकले, त्यामुळे २०२२ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून त्याचं नाव निघालं. २०२५ मध्ये तर एका अभ्यासाने म्हटलं की ही वेगळी जातच नाही, आधीच ठाऊक असलेल्या डार्टरचाच तो एक गट आहे.

म्हणजे तो लढा खोटा होता? मला तसं वाटत नाही. जात एक असो वा दोन, धरणाखाली बुडाला तो खडीचा उथळ, वाहता पट्टा. संवर्धन केवळ नावावर टांगून ठेवलं की असंच होतं. खरा हिशेब प्रवाहाचा ठेवायला हवा.

आणि प्रवाह परत आणता येतो. अमेरिकेतल्याच एल्व्हा नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली, तेव्हा अडकलेली वाळू-खडी खाली वाहत आली आणि शतकभर बंद असलेल्या वरच्या पात्रात सामन मासे पोचले. धरण पाडणं शक्य नसेल तिथे निदान विणीच्या हंगामात पाणी सोडता येतं, आणि अंडी घालण्याच्या जागांवरची वाळू उपसायची थांबवता येते.