सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि मेटा-ॲनालिसिस: फरक नेमका कुठे आहे

‘मेटा-ॲनालिसिसमध्ये सिद्ध झालंय’ म्हटलं की पुढे बोलायचं काही उरलं नाही, असं धरून चालणारे फार आहेत. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि मेटा-ॲनालिसिस हे शब्द तर एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, अगदी शोधनिबंधांतसुद्धा. ही नुसती शब्दांची ढिलाई असती तर सोडून देता आली असती. पण त्यातून शेवटचा आकडा पाहायचा आणि तो आला कुठून हे विचारायचंच नाही, अशी सवय लागते.

रँडमाइज्ड चाचणी म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं योगायोगावर सोडून केलेली चाचणी. अशा अनेक चाचण्यांचा पुरावा शोधून, पारखून मांडण्याची पद्धत म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना आणि कोणता परिणाम मोजायचा, हे आधी ठरवायचं आणि काम सुरू करण्यापूर्वीच प्रॉस्पेरोसारख्या रिव्ह्यूंच्या नोंदवहीत नोंदवायचं. मग मेडलाइन, एम्बेस, सेंट्रल या शोधनिबंधांच्या सूची आणि चाचण्यांच्या नोंदवह्या धुंडाळायच्या. सापडलेले गोषवारे दोघांनी स्वतंत्रपणे चाळायचे. पूर्ण वाचून वगळलेल्या निबंधांची कारणं लिहून ठेवायची. उरलेल्या प्रत्येक चाचणीत पक्षपात (निकाल एकाच बाजूला झुकवणारी चूक) कुठून शिरला असेल ते तपासायचं. मेटा-ॲनालिसिस हे यातल्या एका टप्प्यावरचं गणित: प्रत्येक चाचणीच्या निकालाला वजन द्यायचं आणि सरासरी काढायची. जिचा निकाल जास्त नेमका, तिला जास्त वजन.

म्हणजे गणिताशिवाय रिव्ह्यू होऊ शकतो. दुर्दैवाने रिव्ह्यूशिवाय गणितही होऊ शकतं. हाताशी आलेले पाच निबंध सॉफ्टवेअरमध्ये घातले तरी फॉरेस्ट प्लॉट (प्रत्येक चाचणीचा निकाल आणि तळाशी त्यांची सरासरी दाखवणारी आकृती) निघतोच, आणि दिसायलाही तो तितकाच देखणा असतो.

खरी फसगत होते ती पुढच्या मुद्द्यावर. मेटा-ॲनालिसिसने योगायोगामुळे येणारी चूक कमी होते, पक्षपातामुळे येणारी चूक तसूभरही कमी होत नाही. हे ऐकून सगळे माना डोलावतात आणि प्लॉटखालचा चिमुकला डायमंड (सरासरी दाखवणारी चौकट) पाहिला की विसरतात.

एक काल्पनिक उदाहरण आकड्यांत मांडू. एका औषधाचा मृत्यूवर खरा परिणाम शून्य आहे, म्हणजे रिस्क रेशो (औषधाच्या गटातला मृत्यूचा धोका भागिले दुसऱ्या गटातला धोका) १. पण पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे चाचण्या घेणाऱ्यांना आधीच कळत होतं, त्यामुळे कमी आजारी रुग्ण औषधाच्या गटात जात राहिले. परिणामी प्रत्येक चाचणीत रिस्क रेशो ०.८० येतो. एका चाचणीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (योगायोगाची चूक धरून खरा आकडा ज्या पल्ल्यात असावा तो) समजा ०.६० ते १.०७ आहे. त्यात १ येतो, म्हणून वाचणारा सावध राहतो. आता अशा एकसारख्या नऊ चाचण्या एकत्र करा. इंटरव्हल साधारण एकतृतीयांश होतो: ०.७३ ते ०.८८. निष्कर्ष तितकाच चुकीचा, पण आता तो ठाम वाटतो. चाचण्या वाढवत न्या, इंटरव्हल ०.८० भोवती आवळत जाईल. १ कडे एक पाऊलही सरकणार नाही. अरुंद इंटरव्हल म्हणजे भक्कम पुरावा, हा समज मला सर्वात जास्त खटकतो.

प्रत्यक्षातही हे घडलं आहे. हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून मॅग्नेशियम देण्याबाबतच्या सात छोट्या चाचण्या १९९१ मध्ये एकत्र केल्या गेल्या. एकूण रुग्ण १,३०१. मृत्यूची शक्यता ऑड्सच्या हिशेबात (दगावलेले आणि वाचलेले यांच्या गुणोत्तरात) ५५ टक्क्यांनी कमी. १९९५ मध्ये आयसिस-४ या ५८,०५० रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला: पाच आठवड्यांत मॅग्नेशियमच्या गटात ७.६४ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात ७.२४ टक्के. फायदा नाहीच. मॅग्नेशियम उशिरा दिलं गेलं, असा आक्षेप निघाला. मग ते लवकर देऊन ६,२१३ रुग्णांवर मॅजिक ही चाचणी झाली. २००२ च्या तिच्या निकालातही फरक दिसला नाही. सात चाचण्यांच्या गणितात चूक नव्हती. छोट्या चाचण्यांपैकी बहुतेक चांगल्या निकालाच्याच छापून येतात, आणि न छापलेली चाचणी गणितात शिरत नाही.

ही गळती किती मोठी असते, ते २००८ च्या एका अभ्यासात दिसतं. नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेकडे नोंदलेल्या होत्या. एफडीएच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूने होता. त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ औषध चालल्याच्या थाटात छापल्या गेल्या, आणि प्रतिकूल निकाल जसाच्या तसा फक्त ३ निबंधांत आला. नुसत्या छापील निबंधांवर मेटा-ॲनालिसिस करणारा कितीही प्रामाणिक असला तरी इथे फसणारच. त्याला वाचवू शकतो तो नोंदवह्या आणि नियामकांची कागदपत्रं तपासणारा रिव्ह्यू. न छापलेल्या चाचण्यांचा अंदाज घ्यायला काढतात त्या फनेल प्लॉट या आकृतीवर भिस्त ठेवू नये. दहापेक्षा कमी चाचण्या असतील तर त्याच्या चाचपणीला फारसा अर्थ नसतो.

फिक्स्ड इफेक्ट (सगळ्या चाचण्यांत खरा परिणाम एकच मानणं) की रँडम इफेक्ट्स (तो चाचणीगणिक वेगळा मानणं) यावर लोक तासन्‌तास भांडतात. रुग्ण, डोस किंवा कालावधी चाचणीगणिक वेगळे असतील तर रँडम इफेक्ट्स घ्या आणि पुढे चला. मात्र आय-स्क्वेअर्ड (निकालांतल्या फरकाचा योगायोगाने न उलगडणारा हिस्सा) ८५ टक्के आला असताना ‘रँडम इफेक्ट्स वापरलं आहे’ म्हणून हात झटकणं चालणार नाही. निकाल इतके का फाटले, ते शोधावंच लागतं. सगळ्या चाचण्यांचे रुग्ण एका ढिगात ओतून टक्केवारी काढणं, किंवा ‘दहापैकी सहा अभ्यासांत फरक सिग्निफिकंट’ अशी मतमोजणी करणं, हे तर मेटा-ॲनालिसिसही नव्हे. पहिल्यात रँडमायझेशनच मोडतं, कारण एका चाचणीतल्या रुग्णांची तुलना दुसरीतल्यांशी होऊ लागते. दुसऱ्यात वीस रुग्णांच्या आणि वीस हजारांच्या अभ्यासाला एकच मत मिळतं.

वाचताना मी फॉरेस्ट प्लॉट सर्वात शेवटी पाहतो. आधी शोधाची शेवटची तारीख, प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे आधी नोंदवलेल्या आराखड्यात, ठरवलेला मुख्य परिणाम निबंधात तोच आहे का, आणि पक्षपाताचा तक्ता. मग ग्रेड या पद्धतीने ठरवलेला पुराव्याचा दर्जा: हाय, मॉडरेट, लो की व्हेरी लो. डायमंड कितीही रेखीव असला तरी दर्जा व्हेरी लो असू शकतो.

‘मेटा-ॲनालिसिस नाही, म्हणून रिव्ह्यू अपुरा’ हा निबंध छापण्याआधी तपासणाऱ्या परीक्षकांचा शेराही थांबायला हवा. एका चाचणीत वेदना सहा आठवड्यांनी मोजली, दुसरीत वर्षाने, तिसरीत वेदना सोडून फक्त गोळ्यांचा खप मोजला, तर त्यांची सरासरी कशाची काढणार? अशा वेळी सरासरी न काढणं हाच योग्य निर्णय असतो. मग निकालांचे गट कसे पाडले, कोणत्या अभ्यासाला का जास्त महत्त्व दिलं, हे लिहावं लागतं. त्यासाठी २०२० पासून स्विम नावाची नऊ कलमांची मार्गदर्शिका आहे. शेरा मारण्याआधी रिव्ह्यू त्या नऊ कलमांशी ताडून पाहावा.