गतिविषयक शाब्दिक उदाहरणे

अंतर, वेग आणि वेळ यांपैकी दोन राशी किंवा त्यांच्यातील संबंध दिला असता उरलेली राशी समीकरण मांडून काढण्याची ही उदाहरणे ‘अंतर = वेग × वेळ’ या सूत्रावर आधारलेली असतात.

भारतीय गणितात, ज्याच्या काळाविषयी फारसा मतभेद नाही असा यासंबंधीचा जुना नियम आर्यभटांच्या आर्यभटीय या ग्रंथाच्या (सु. ४९९) गणितपाद या गणितविषयक प्रकरणात, ३१ व्या श्लोकात आहे. परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोहोंमधील अंतराला वेगांच्या बेरजेने आणि एकाच दिशेने जाणाऱ्यांमधील अंतराला वेगांच्या वजाबाकीने भागले असता भेटीचा काळ मिळतो. हा काळ गत किंवा भावी असू शकतो, असेही तेथे सांगितले असल्याने ग्रहयुतीचे (आकाशात दोन ग्रह एकत्र येण्याचे) गणित आर्यभटांसमोर असावे, असे दिसते.

बखशाली या भूर्जपत्रांवरील (भूर्ज वृक्षाच्या सालीवरील) जुन्या गणिती हस्तलिखितातील (पेशावरजवळ सापडले, १८८१) प्रवाशांच्या उदाहरणांचा काळ मात्र वादग्रस्त आहे. अभ्यासक हर्नले यांनी मूळ ग्रंथ तिसऱ्या-चौथ्या शतकातील मानला, तर दुसरे अभ्यासक के (Kaye) यांनी हस्तलिखित बाराव्या शतकापर्यंत खाली ओढले. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या कार्बन-कालमापनात तीन भूर्जपत्रांचे काळ साधारणतः तिसरे-चौथे, आठवे आणि दहावे शतक असे वेगवेगळे निघाले. परंतु हस्ताक्षर व मजकूर यांतील सलगता पाहता हस्तलिखित सर्वांत अलीकडच्या पत्राहून जुने धरता येत नाही, हा आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो. रोज ठरावीक वाढीने चालणारे दोन प्रवासी एकाच दिवशी निघाल्यास, प्रथमदिनीच्या चालींतील फरकाची दुप्पट करून तिला रोजच्या वाढींतील फरकाने भागावे व १ मिळवावा म्हणजे दोघांचे एकूण अंतर समान होण्याचा दिवस मिळतो, असा नियम त्यात आहे. उदा., एक जण पहिल्या दिवशी ४ योजने (योजन हे अंतराचे जुने माप) चालून रोज ३ योजने वाढवतो, तर दुसरा ६ पासून रोज १ वाढवतो. तिसऱ्या दिवसाअखेर दोघांचीही २१ योजने भरतात.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) शत्रूचे हत्ती हरण करण्यासाठी निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजने जातो आणि ७ दिवसांत ८० योजने गाठतो. रोज समान वाढ धरल्यास ती २२/७ योजने येते.

शालेय उदाहरणांत आगगाडी, नाव व प्रवाह असे प्रकार रूढ आहेत. पूल ओलांडणाऱ्या गाडीच्या बाबतीत अंतरात गाडीची स्वतःची लांबीही धरावी लागते. सरासरी वेगात चूक विशेष होते : ताशी ३० किमी. वेगाने जाऊन त्याच वाटेने ताशी २० किमी. वेगाने परतल्यास सरासरी वेग २५ नव्हे, तर २४ किमी. येतो, कारण परतीला वेळ जास्त लागतो.