हँडब्रेक न धरणे

मोटारगाडीचा हँडब्रेक पूर्ण ओढूनही गाडी उतारावर सरकू लागणे, किंवा ती थांबून राहावी म्हणून दांडी नेहमीपेक्षा बरीच वर न्यावी लागणे, या दोषाला बोलीत ‘हँडब्रेक धरत नाही’ असे म्हणतात. सपाट जागी हा दोष महिनोन्‌महिने झाकलेला राहतो. ग्वाल्हेरमध्ये लष्कर किंवा मुरार भागात गाडी दारासमोर उभी करणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. पाहुण्यांना किल्ला दाखवायला निघाल्यावर, उरवाई दरवाजाच्या चढावर, खडकात कोरलेल्या जैन मूर्ती पाहण्यासाठी गाडी कडेला उभी केली आणि पायाच्या ब्रेकवरून पाय उचलला की तो पत्ता लागतो. किल्ल्यावर मोटार नेण्याचा रस्ता याच पश्चिमेकडील बाजूने आहे, आणि त्याचा चढ हँडब्रेकची परीक्षा घेण्याइतका तीव्र आहे.

चढ डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा गाडीला अधिक ओढतो. 1000 किलोची मोटार 10 टक्के उतारावर उभी असेल, तर तिला खाली ओढणारे बल सुमारे 100 किलो वजनाइतके असते. 20 टक्के उतारावर ते 196 किलोंच्या आसपास जाते. संयुक्त राष्ट्रांच्या 13-एच या ब्रेकविषयक नियमानुसार पूर्ण भरलेली मोटार 20 टक्के चढावर व उतारावर केवळ पार्किंग ब्रेकने थांबून राहिली पाहिजे, आणि त्यासाठी हाताच्या दांडीवर 400 न्यूटन, म्हणजे सुमारे 41 किलोंच्या वर जोर लागता कामा नये. दोन्ही हातांनी ओढल्यावरच धरणारा हँडब्रेक हासुद्धा म्हणूनच बिघडलेलाच समजावा.

रचना साधी आहे. दांडीच्या बुडाशी दातेरी पट्टी व खटका असतो. दांडी वर नेताना येणारा ‘कट् कट्’ आवाज त्याचाच. दांडीला जोडलेली पोलादी तार, म्हणजे केबल, गाडीखालून मागे जाते आणि एका समतोल पट्टीपाशी दोन्ही मागच्या चाकांकडे विभागली जाते. चाकाच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ डब्यात, ती एक लहानशी तरफ ओढते, तरफ दोन्ही ब्रेक शू, म्हणजे कमानीसारख्या पट्ट्या, बाहेर ढकलते आणि शूंवरील लायनर, म्हणजे घर्षणाचे अस्तर, ड्रमच्या आतील पृष्ठभागावर दाबले जातात. पायाचा ब्रेक याच शूंना द्रवाच्या दाबाने हलवतो. पेडल दाबल्यावर गाडी उत्तम थांबते म्हणून हँडब्रेकही ठीक असेल, हा समज मात्र चुकीचा आहे: पायाच्या ब्रेकचा मोठा भार पुढची चाके उचलतात, तर हँडब्रेकला मागच्या दोनच चाकांवर भागवावे लागते.

या दोषाबाबत सर्वाधिक घडणारी चूक दुरुस्तीच्या क्रमाची आहे. दांडी सैल लागली की मिस्त्री दांडीच्या बुडाची नट फिरवून ‘तार कस दो’ या एका वाक्यात काम मिटवतो, आणि दोन-तीन आठवडे हँडब्रेक खरोखरच धरतो. पण दांडी वर येण्याचे कारण बहुधा तारेत नसते, ड्रममध्ये असते. लायनर झिजले की शू आणि ड्रम यांतील अंतर वाढते. हे अंतर आपोआप भरून काढणारा ॲडजस्टर ड्रमच्या आतच बसवलेला असतो, आणि तो गंजून किंवा ब्रेकच्या भुकटीने भरून जाम झाला की अंतर वाढतच जाते. अशा वेळी तार कसली, तर आतील तरफ आपल्या विश्रांतीच्या जागेवरून कायमची उचलली जाते, ॲडजस्टरला पुढे सरकण्यास वाव उरत नाही, आणि मूळ दोष पक्का होतो. तार आणखी कसल्यास शू ड्रमला घासू लागतात: गाडी जड चालते, चाक तापते आणि उरलेले लायनरही लवकर संपतात.

योग्य क्रम उलटा आहे: आधी चाक, मग तार. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडवणारे ठोकळे) लावावी, मागचा भाग जॅकवर उचलून भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) टेकवावा आणि हँडब्रेक पूर्ण सोडावा. गिअर न्यूट्रलमध्ये असताना दोन्ही मागची चाके हाताने सहज फिरली पाहिजेत. नंतर दांडी एकेक दात वर घेत चाके फिरवून पाहावीत. दोन्ही चाके जवळपास एकाच दाताला जड होऊ लागली, पण फार वर गेल्यावर, तर झीज किंवा ॲडजस्टर यांकडे बोट जाते. एक चाक आवळले गेले आणि दुसरे मोकळे फिरत राहिले, तर मोकळ्या चाकाच्या बाजूची तार जाम आहे, समतोल पट्टी अडकली आहे किंवा त्याच चाकाच्या ड्रममध्ये तेल उतरले आहे. किती दातांना ब्रेक धरावा हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. बऱ्याच मोटारींत ते 4 ते 8 च्या दरम्यान असते.

ड्रम काढणे हेच अनेकदा खरे काम ठरते, कारण तो हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, गंजाने चिकटलेला असतो. हातोड्याने ठोकण्यापूर्वी ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोके आहेत का ते पाहावे. त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले, की ड्रम स्वतःहून बाहेर येतो. आतील काळी भुकटी फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसणे सुरक्षित. लायनरची जाडी 1 ते 1.5 मिलिमीटरवर आली असेल, तर दोन्ही चाकांचे शू एकदम बदलावेत. लायनर पुरेसे असून आरशासारखे चकाकत असतील, तर खरकागदाने वरचा थर काढून भागते. ड्रमची झीजही मोजावी लागते: कमाल व्यास बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो, आणि तो ओलांडला की नवे शूही पूर्ण टेकत नाहीत.

शू ओलसर व काळपट दिसले तर व्हील सिलिंडरच्या (द्रवाच्या दाबाने शू ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याच्या) रबरी टोपीची कड हलकेच उचलून पाहावी. आत द्रव आढळला, तर सिलिंडर गळतो आहे. ग्रीस दिसले, तर बेअरिंगजवळची सील गेली आहे. ब्रेकच्या तेलात भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण ती टाळावी: तेल लायनरच्या आत मुरलेले असते आणि ब्रेक तापला की पुन्हा वर येते. गळती थांबवून शू बदलणे एवढाच उपाय आहे.

ॲडजस्टर साफ करून, आटे मोकळे करून बसवल्यावर ड्रम चढवावा आणि पेडल अनेकदा दाबावे. ज्या रचनेत ॲडजस्टर पायाच्या ब्रेकने सरकतो, तिथे ड्रममधून बारीक टकटक ऐकू येते आणि अंतर भरले की ती थांबते. त्यानंतरच तारेची नट हाताळावी. तार तपासताना तिची आतली पोलादी दोरी बाहेरील नळीत मोकळी सरकते का, हे पाहणे महत्त्वाचे आहे. नळीचे आवरण फाटले की पावसाळ्यात पाणी आत शिरते; पुढे उन्हाळ्यातली धूळ त्या गंजात बसते आणि तार पूर्ण ओढली जात नाही किंवा सोडल्यावर परत येत नाही. अशी तार तेल घालून काही दिवस चालते, पण बदलणेच बरे. दांडीचा खटका झिजून दातांवरून निसटत असेल, तर मात्र दोष दांडीतच असतो. तो क्वचित आढळतो आणि हाताला लगेच कळतो.

मागच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, असलेल्या मोटारींत दोन प्रकार आहेत. काहींत डिस्कच्या मध्यभागी हँडब्रेकसाठी छोटा ड्रम असतो आणि वरील सर्व विवेचन त्याला लागू पडते. इतरांत कॅलिपरमधील, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीतील, स्क्रूची यंत्रणा पिस्टनला ढकलते. पॅड बदलताना हा पिस्टन फिरवत आत न्यायचा असतो, शिकंज्याने सरळ दाबल्यास आतील ॲडजस्टर तुटतो आणि त्या दिवसापासून हँडब्रेक धरत नाही. डिस्कची आणखी एक खोड अशी, की तापलेली असताना आवळलेली डिस्क थंड होताना आकसते व पकड ढिली पडते. लांब उतार उतरून लगेच उभी केलेली गाडी त्यामुळे काही मिनिटांनी सरकू शकते, आणि दांडी एक दात जास्त ओढून गाडी गिअरमध्ये ठेवणे इष्ट ठरते. बटणाच्या इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकमध्ये मोटर पॅड आवळते. तेथे पॅड बदलण्यापूर्वी मोटर सर्व्हिस स्थितीत मागे न्यावी लागते, आणि त्यासाठी बहुधा निदानयंत्र लागते.

दुरुस्तीनंतरची चाचणी एकाच दिशेने घेणे अपुरे आहे. तोंड चढाकडे असताना गाडीचे वजन मागच्या चाकांवर येते आणि हँडब्रेकला मदत होते. तोंड उताराकडे असताना मागची चाके हलकी होतात. म्हणून ज्याच्यावर काम झाले तो हँडब्रेक गाडी दोन्ही बाजूंनी उभी करून, चालक आसनावर बसलेला व पाय पेडलच्या वर तयार असताना तपासावा, आणि नवी तार घातली असल्यास काहीशे किलोमीटरनंतर तिचा ताण पुन्हा पाहावा, कारण नवी तार सुरुवातीला थोडी ताणली जातेच.