कूलरच्या शहरातली खेळती हवा

मे महिन्यात नागपुरात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की जो तो गारव्याचं बोलतो; खोलीतली हवा बदलते की नाही, हे कुणी विचारत नाही. या शहरात अगदी अलीकडेपर्यंत हे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच.

महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांत जाड भिंती, मधे चौक आणि वर कवेलू. तापलेली हवा कवेलूंच्या फटींतून निघून जायची, रात्रीची गार हवा चौकातून आत यायची. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झालं आणि सिव्हिल लाइन्समध्ये बंगले उभे राहू लागले. खोल व्हरांडे, उंच छत आणि छतालगत व्हेंटिलेटर. दोन्ही बाजूंच्या खिळींवर फिरणारी काचेची झडप आणि तिची लोंबती दोरी. दोरी ओढली की झडप आडवी व्हायची आणि छताखाली कोंडलेली गरम हवा बाहेर पडायची. जुन्या घरांत अशा झडपा अजून दिसतात, पण रंगाच्या थरांनी चिकटून बसलेल्या.

त्याच सुमारास युरोपात हवा मोजली जाऊ लागली होती. 1858 मध्ये म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी खोलीतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 1000 च्या वर जाऊ नये, असं सुचवलं. पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णाच्या खोलीत बाहेरच्याइतकी शुद्ध हवा असणं हा शुश्रूषेचा पहिला नियम ठरवला. रोग दूषित हवेच्या वासातून होतो, ही तेव्हाची समजूत पुढे चुकीची ठरली. खिडक्या उघडण्याचा सल्ला मात्र टिकला.

यंत्रांनी हवा सुधारली ती आधी मालासाठी. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. 1902 मध्ये विलिस कॅरिअर यांनी आधुनिक एसी घडवला तोही छापखान्यातला कागद दमटपणाने फुगू नये म्हणून.

घरात मात्र आपल्याकडे वाळ्याच्या ताट्या होत्या, मग कूलर आला. गवताच्या ओल्या ताट्यांतून कूलर बाहेरची हवा ओढतो आणि सगळीच्या सगळी आत सोडतो. म्हणूनच समोरचं दार थोडं उघडं ठेवावं लागतं; नाहीतर खोलीत चिपचिप होते. माझ्या मते नागपूरकरांना वायुवीजनाचा सगळ्यात मोठा धडा याच उघड्या दाराने दिला. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा कूलरचा इलाज चालत नाही.

ती उणीव एसीने भरून काढली, पण घर बंद करून. घराघरांतला साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. बंद खोलीचा परिणाम अमेरिकेने आधी भोगला आहे. 1973 च्या तेलटंचाईनंतर ऊर्जा वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद झाल्या, आणि 1981 च्या मानकाने धूम्रपान नसलेल्या कार्यालयांत माणशी मिनिटाला 5 घनफूट ताजी हवा पुरेशी मानली. डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, थकवा अशा तक्रारी वाढल्या आणि 1989 मध्ये कार्यालयांसाठी ही मर्यादा 20 घनफुटांवर न्यावी लागली. कोरोनाने तोच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला.

आपल्याकडे 2018 च्या इको-निवास संहितेने, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीने, नागपूरसारख्या संमिश्र हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान 12.5 टक्के असावं, असं सांगितलं. यातला कळीचा शब्द ‘उघडणाऱ्या’. चार बाय चारची दोन पल्ल्यांची सरकती खिडकी दिसते 16 चौरस फुटांची, पण उघडते जेमतेम 8. फ्लॅट बघायला जाल तेव्हा हे मोजून घ्याच.

उघडी खिडकीही पुरेल असं नाही. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राख आणि रस्त्यांवरची धूळ त्याच वाटेने आत येते. त्यामुळे पुढच्या इमारतींत गारवा आणि ताजी हवा यांची सोय वेगवेगळी करावी लागेल: बाहेरची हवा गाळून आत घेणारा छोटा पंखा, बाहेर जाणाऱ्या गार हवेकडून आत येणाऱ्या गरम हवेला गारवा देणारं यंत्र, आणि रात्री बाहेर गार झालं की उघडता येणारे, जाळी लावलेले व्हेंटिलेटर.